टेंभुर्णे वकिलांची तारीख

टेंभुर्णे वकिलांना कुठंही वेळेवर आलेलं मी पाहिलं नव्हतं. कॅनडातल्या रेजिनात आमचं मंडळ रविवारी दुपारी कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत जमतं. आधी बुद्धवंदना, मग कोणीतरी काहीतरी वाचतं किंवा बोलतं, मग जेवण. वंदना संपली की दार उघडायचं, आधी थंडीचा झोत आत यायचा आणि त्यामागून वकीलसाहेब. जाड पार्का काढून ते खुंटीला लावायचे. आत काळा कोट. भंडाऱ्याच्या मे महिन्यात ज्यांनी तो कोट उतरवला नाही, ते रेजिनाच्या उणे पस्तिसात उतरवतील ही अपेक्षाच चूक होती. "उशीर झाला का जी?" ते विचारायचे. झाला म्हटलं की समाधानानं मान हलवायचे. "होऊ द्या. पहिल्या पुकाऱ्याला धावत येतो तो नवा वकील."

हरिश्चंद्र टेंभुर्णे हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते बहुधा फक्त त्यांच्या पासपोर्टला ठाऊक असावं. भंडाऱ्याच्या कोर्टात आधी साधी वकिली, मग सरकारी वकील, आणि शेवटी मंत्रालयात विधी विभागात अवर सचिव. बायको गेल्यावर मुलगी सुजाता त्यांना इथं घेऊन आली. तिची इथं सरकारी नोकरी होती, स्वभाव शिस्तीचा होता आणि वडिलांपुढं त्या शिस्तीचं काही चालत नव्हतं. इथं वकिली करायची त्यांना परवानगी नाही हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. "मी सल्ला देत नाही, मत देतो. सल्ल्याला सनद लागते." पण त्यांचं मत ऐकायला जेवणानंतर दोन-चार माणसं खुर्च्या ओढून बसलेली असायचीच.

बोलणं कचेरीतलं. एकदा माझ्या हातची भरली वांगी खाऊन म्हणाले, "सदर भाजीत मीठ कमी असल्याचं प्रथमदर्शनी दिसते. तथापि वाढणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे." मी मीठ पुढं केलं तर ते घेतलं नाही. निकाल दिल्यावर त्यात फेरफार करायचा नसतो म्हणाले.

आणि कोणत्याही दुखण्यावर त्यांचं औषध एकच, तारीख घ्या. दात दुखतोय, तारीख घ्या, अर्धे दात आपसूक दुखायचे थांबतात. मुलगा घर सोडून जातो म्हणतोय, त्याला पुढची तारीख द्या, महिन्यानं तोच विसरतो. सुजातानं एकदा घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला सांगितलं तर म्हणाले, "बर्फाला एप्रिलची तारीख दे. तो स्वतःहून दावा मागं घेतो." त्या दिवशी सुजाता हसली नाही. "पप्पा, इथं असं नसतं. अपॉइंटमेंट मिस केली की मिस झाली. दे डोंट वेट फॉर यू." वकीलसाहेबांनी तिच्याकडं कौतुकानं पाहिलं. ज्युनिअर वकील जोरात बोलला की ते असंच पाहत असणार.

पण हे औषध लागू पडायचं, हेही खरं. एका वर्षी जयंतीची भाषणं मराठीत व्हावीत की इंग्रजीत यावरून मंडळ फुटायची वेळ आली. मुलांना कळत नाही म्हणून इंग्रजी हवं असा एक पक्ष, आणि मुलांना कळायला हवी म्हणूनच मराठी हवी असा दुसरा. वकीलसाहेबांना मध्ये घातलं. त्यांनी दोघांचं ऐकलं, चष्मा पुसला आणि दोन्ही पक्षांनी लेखी म्हणणं द्यावं असा हुकूम केला. पुढच्या रविवारी एकाच पक्षाचं म्हणणं आलं, म्हणून तारीख. त्यापुढच्या रविवारी बर्फाचं वादळ, म्हणून तारीख. जयंती उजाडेपर्यंत भांडणारे थकले आणि ज्याला जी भाषा आली तीत तो बोलला. तेव्हापासून वकीलसाहेबांच्या तारखेवर आमचा सगळ्यांचाच विश्वास बसला.

कोर्टाची ते थट्टा करत, पण कोणी दुसऱ्यानं केलेली त्यांना खपत नसे. त्यांच्या आजोबांना जमिनीच्या एका भांडणात साक्षीला बोलावलं होतं. त्या काळी अस्पृश्य म्हणून त्यांना आत यायची मुभा नव्हती. ते व्हरांड्यात उभे राहिले, आतला प्रश्न दारातल्या शिपायानं ओरडून बाहेर सांगितला आणि त्यांचं उत्तर ओरडून आत. हे सांगताना वकीलसाहेबांचा आवाज चढत नसे. "माझा आजा बाहेर उभा राहून खरं बोलला. म्हणून मी आत जाऊन उभा राहिलो," एवढंच म्हणत आणि कोटाची बटणं सारखी करत. मग त्या कोटावरून आम्ही काही दिवस त्यांना चिडवत नसू.

दक्षिणसाहेब आमच्यात आला तो पब्लिक लायब्ररीतून. तिथं जुनी पुस्तकं काढून टाकतात, त्या ढिगात वकीलसाहेबांना एक जाडजूड चरित्र सापडलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका राज्यातला, गुलामगिरीच्या काळातला माणूस. आधी वकील, मग राज्याचा मुख्य सरकारी वकील, मग आणखी मोठा अधिकारी. चरित्र नातवानं लिहिलेलं, म्हणजे पानोपानी आरती. वकीलसाहेबांनी ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं आणि रविवारच्या बोलण्यात त्या माणसाचं आयुष्य मराठीत सांगायला सुरुवात केली. त्याचं नाव उच्चारायचा त्यांना कंटाळा, म्हणून ते त्याला दक्षिणसाहेब म्हणत. थोड्याच दिवसांत तो आमच्या मंडळाचा गैरहजर सभासद झाला.

आपण या माणसाचं का ऐकायचं, असं कोणीतरी तडकून विचारलंच. वकीलसाहेब म्हणाले, "विचारायलाच पाहिजे. हा माणूस जेवताना बायकोले सांगे की माणसं विकणं पाप आहे. अन् हात धुतले की कचेरीत जाऊन त्याच पापाची कलमं लिही. राक्षस असता तर मी पुस्तक तिथंच ठेवलं असतं. हा राक्षस नाही. हा माझ्यासारखा कचेरीतला माणूस आहे. मीसुद्धा जन्मभर कलमं लिहिली. मला पाहायचं आहे, याची नेमकी कुठं चूक झाली."

पण आम्ही ऐकायला बसायचो ते आयझॅकसाठी. आयझॅक दक्षिणसाहेबाचा गुलाम. त्याला वाचायला शिकवणं कायद्यानं गुन्हा होता, तरी कचेरीतलं कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर हे तो पुठ्ठ्याच्या रंगावरून सांगे. कोर्टात साहेबाच्या मागं पुस्तकांचा भारा घेऊन उभा राही. साहेबानं त्याला शब्द दिला होता, तुला मोकळा करीन. कापसाचा हंगाम झाला की, मग अधिवेशन संपलं की, मग मुलीचं लग्न झालं की. शेवटी साहेबानं मृत्युपत्रातच लिहून ठेवलं, माझ्या मागं आयझॅक मोकळा. इथं आल्यावर वकीलसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि पुढचं पुढच्या रविवारी म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांनी दक्षिणसाहेबाच्या बागेचं वर्णन केलं, त्यापुढच्या रविवारी त्याच्या व्याह्यांचं.

सगळ्यांत जास्त जीव टांगला तो अनुसयाबाईंचा. त्या आमच्या छायाची आई, म्हणून सगळ्यांच्याच आई. छाया वृद्धाश्रमात केअर एड आहे, म्हाताऱ्यांची उठबस करते, कामाच्या वेळा वेड्यावाकड्या. आईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मायलेकी हॉस्पिटलच्या समोरच तळमजल्यावर भाड्यानं राहत होत्या. त्या घरावर छायाचा सगळा संसार तोललेला होता, कारण आई वॉकर घेऊन एकट्या रस्ता ओलांडून डायलिसिसला जात आणि तशाच परत येत. छाया त्या वेळी कामावर असू शकत होती. रविवारी त्या पहिल्या रांगेत बसायच्या आणि शेवटी हात वर करून विचारायच्या, "त्या आयझॅकचं काय झालं जी?"

"पुढच्या रविवारी, आई."

"मंग येतो मी पुढच्या रविवारी."

मी एकदा वकीलसाहेबांना बाजूला घेऊन म्हटलं, म्हाताऱ्या बाईला किती ताटकळवता. ते हळू आवाजात म्हणाले, "तारीख बाकी असली की पक्षकार तग धरतो. चाळीस वर्षं पाहून राहिलो मी." हे मला तेव्हा फार आवडलं होतं.

त्या हिवाळ्यात घरमालकानं छायाला जागा सोडायला सांगितली. जागा त्याला मुलासाठी हवी होती. छायानं नाही म्हटलं, तसा तो भाड्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या कार्यालयात गेला आणि छायाला सुनावणीची नोटीस आली. सुनावणी फोनवर होती, दिलेल्या वेळी आपण फोन करून हजर व्हायचं. रविवारी जेवणानंतर तिनं नोटीस वकीलसाहेबांपुढं ठेवली.

"माझी शिफ्ट आहे त्या दिवशी," ती म्हणाली, "पण मी ब्रेक घेऊन कॉल-इन करते. आईचं हॉस्पिटल समोर आहे, एवढं तरी सांगते."

वकीलसाहेबांनी नोटीस दोनदा वाचली. "पहिल्या तारखेला काही होत नाही, बाई. तू मुदतीचा अर्ज पाठव. आईच्या आजाराचं सर्टिफिकेट जोड. तारीख पडते. मग आपण नीट म्हणणं तयार करू."

"पण फोनवर हजर तर राहू ना?"

"हजर राहिलीस तर बोलावं लागते. तयारी नसताना बोललेलं वाक्य जन्मभर अंगाशी येते. अर्ज दिला म्हणजे आपण हजरच."

अर्ज त्यांनी स्वतः सांगितला, छायानं तिथंच लॅपटॉपवर लिहिला. 'मोस्ट रिस्पेक्टफुली शोवेथ'पासून, भंडाऱ्याच्या कोर्टातल्या थाटात सुरुवात. आम्ही बाकीच्यांनी त्या इंग्रजीचं कौतुक केलं. आई म्हणाल्या, "वकीलसाहेब आहेत तर कायची चिंता." सुजाता त्या रविवारी आली नव्हती.

सुनावणी झाली. घरमालक फोनवर होता, छाया नव्हती. अर्ज पोचला होता, पण अर्ज केला म्हणजे तारीख पडली असं इथं नसतं. मुदत हवी तर तीसुद्धा सुनावणीत हजर होऊन मागायची असते. नोटिशीच्या मागच्या पानावर तसं स्पष्ट छापलेलं होतं, आणि वकीलसाहेबांनी ते दोनदा वाचलं होतं. जन्मभर दिसत आलेलं माणसाला दिसतं, छापलेलं दिसत नाही. आठवड्याभरात आदेश आला, महिनाअखेर घर रिकामं करा.

छायाच्या तोंडून ते कळलं त्या दुपारी वकीलसाहेबांनी मला फोन करून गाडी आणायला सांगितलं. मी पोचले तर ते आधीच खाली बर्फात उभे. पार्क्याची चेन उघडी, आत कोट, आणि त्या दिवशी गळ्याला कोर्टातले पांढरे बँडही लावलेले. त्या कार्यालयात काउंटरवर एक मध्यमवयीन बाई होती, मायाळू चेहऱ्याची. वकीलसाहेब तिच्यापुढं ताठ उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले की चूक पक्षकाराची नाही, माझी आहे, सबब आदेश मागं घ्यावा.

"आर यू हर लॉयर, सर?"

"इन इंडिया. फॉर्टी इयर्स."

बाईनं त्यांच्या बँडकडं पाहिलं. अपील करता येतं, पण ते कायद्याच्या मुद्द्यावर, आदेशात कायद्याची चूक असेल तर, असं तिनं सावकाश समजावून सांगितलं. मग म्हणाली, "आय ॲम सो सॉरी, सर." ती खरंच दिलगीर होती. तिच्यावर रागावता येत नव्हतं, हाच त्या दुपारचा सगळ्यांत वाईट भाग होता.

गाडीत बसून त्यांनी आदेश वाचला. मी हीटर लावून थांबले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांचं बोट सरकत गेलं, मग पुन्हा वर आलं, पुन्हा खाली. शेवटी त्यांनी कागदाची घडी केली. "ऑर्डर बरोबर आहे," ते म्हणाले. "मी त्या खुर्चीवर असतो तर हीच लिहिली असती. एकसुद्धा वाक्य ढिलं नाही." घर येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. माझ्याकडं गाडी होती, पदव्या होत्या, बऱ्या नोकरीतल्या ओळखी होत्या, आणि त्यातलं काहीही त्या कागदापुढं उपयोगाचं नव्हतं.

घर शोधायला आम्ही सगळे धावलो. हॉस्पिटलजवळ काही परवडेना, जे परवडेल ते मिळेना. शेवटी मिळालं ते शहराच्या पार टोकाला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. आता आईंना डायलिसिसला न्यायला हॉस्पिटलची व्हॅन बुक करावी लागे. व्हॅन दाराशी येई, जरा थांबे आणि आई जिना उतरायच्या आत निघून जाई. छाया वकीलसाहेबांना एका शब्दानं बोलली नाही. सामान हलवलं त्या दिवशीसुद्धा तिनं खोक्यातून कप शोधून त्यांना आधी चहा दिला आणि बिनसाखरेचा आहे ना, विचारलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं. कप हातात धरून ते उभे राहिले, चहा प्याले नाहीत.

त्यानंतर ते मंडळात वेळेवर यायला लागले. दार उघडायला मी किल्ली घेऊन जावं तर ते बाहेर उभे. मागच्या रांगेत बसायचे. दक्षिणसाहेबाचं नाव त्यांनी काढलं नाही आणि आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. एका मुलानं गमतीनं "अंकल, आज नो तारीख?" म्हटलं, तेव्हा त्याच्या आईनं त्याचा हात ओढला. पहिल्या रांगेतली आईंची खुर्ची रिकामी असायची, कारण तेवढे जिने उतरून पुन्हा चढायचे तर त्यांना फक्त डायलिसिसपुरतीच ताकद उरायची.

सुजातानं मला सांगितलं की पप्पा सकाळी अंधारातच घर सोडतात. दोन बस बदलून ते छायाकडं जात. छाया कामावर गेलेली असे. ते आईंना कोट चढवत, बूट घालत, जिना उतरवत आणि व्हॅन यायच्या कितीतरी आधी दोघं दाराच्या काचेआड उभी राहत. पाठोपाठ सुजाताला सरेत, पार दुसऱ्या प्रांतात, नोकरी मिळाली. वडिलांना इथं एकटं ठेवणं शक्य नव्हतं आणि तिकडं जायला ते नाही म्हणू शकत नव्हते, कारण त्यांचा या देशातला मुक्काम तिच्याच कागदांवर होता. "तारीख मागून पाहा ना सुजाताला," मी म्हणून गेले आणि जीभ चावली. ते म्हणाले, "नको. तिचं बरोबर आहे." आता आम्ही आईंना नेण्याच्या पाळ्या लावल्या आहेत. पाळ्या चुकतात. कोणाची मीटिंग असते, कोणाची गाडी थंडीत सुरूच होत नाही.

वकीलसाहेब जायच्या आठवड्यात मी एका दुपारी छायाकडं डबा द्यायला गेले. डायलिसिसहून परतायची तीच वेळ. खालचं दार ढकलून आत गेले तर जिन्यात वरून आवाज येत होते. पहिल्या वळणावर, पायऱ्यांवरच, आई बसल्या होत्या. पाठ भिंतीला, चेहरा राखेसारखा. एक पायरी खाली वकीलसाहेब, वॉकर धरून. ते स्वतःच धापा टाकत होते. आईंना उचलायची ताकद वकीलसाहेबांत नव्हती, आणि आईंना चढायची ताकद येईपर्यंत बसून राहण्याशिवाय दोघांना दुसरं काही करता येत नव्हतं. दोघांचंही माझ्याकडं लक्ष नव्हतं.

"वकीलसाहेब," आई म्हणाल्या, "त्या आयझॅकचं काय झालं? आता तुम्ही चालले."

मला वाटलं, ते आता पुढं कधीतरी सांगतो म्हणतील. निदान फोनवर सांगतो म्हणतील.

"सुटला नाही, आई," ते म्हणाले.

"अन् मृत्युपत्रात लिवलं होतं नं?"

"लिहिलं होतं. पण मृत्युपत्रानं गुलामाले मोकळं करता येत नाही, असा त्या राज्यात कायदा होता. साहेब मेला, मृत्युपत्र कोर्टात रद्द झालं. आयझॅकले विकलं. पुढं पुस्तकात त्याचं नाव नाही."

"असा कायदा कोनं केला?"

"साहेबानंच. सरकारी वकील असताना. त्याच्याच हातचा होता."

"मंग त्याले ठावं नव्हतं का?"

वकीलसाहेबांनी वॉकरवरचा हात काढला आणि आईंच्या बुटाची सुटलेली पट्टी लावायला खाली वाकले. ती लागेना. बोटं थंडीनं आखडली होती.

"ठावं असाले पाहिजे होतं, आई," ते म्हणाले. "वकील होता तो."

आईंनी मान डोलावली. मग एक हात कठड्यावर ठेवला, दुसरा त्यांच्या काळ्या कोटाच्या खांद्यावर, आणि उठायचा प्रयत्न केला. उठता आलं नाही. त्या पुन्हा खाली बसल्या, आणि वकीलसाहेबही एक पायरी खाली, त्यांच्याजवळ बसले.